पोवार ड्रायव्हरचे पथ्य

“इनामदारांना सांगू नकोस,” म्हणत डॉ. किणीकरांनी उशीखाली हात घातला आणि गोळ्यांचे एक पाकीट काढून माझ्यासमोर धरले. “तुमच्या औषधांनी पायाची सूज उतरली, मान्य. रात्री आडवं होता येतं, तेही मान्य. पण ठोके? हा बघ, चुकला. हा आणखी एक. छातीत बेडूक उड्या मारतोय नुसता. आता मी माझं औषध घेणार.”

पाकिटावरचे नाव मला वाचावे लागले नाही. रंगावरूनच ओळखले.

“अशी बघतेस काय? विष नाही ते,” ते हसले. हसताना त्यांना धाप लागली, म्हणून थांबले. “अर्धा तालुका या गोळीवर बसवलाय मी. संध्याकाळच्या चहाबरोबर पहिली घेतो. उद्या सकाळी तुझ्या त्या मशीनवर बघ, रेघ कशी रांगोळीसारखी निघते.”

त्यांच्या उशाशी बसलेल्या नलिनीबाई सफरचंद चिरत होत्या. “अहो, तिला विचारा तरी,” त्या म्हणाल्या.

“तिला काय विचारायचं? मी नाडी धरायला लागलो तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता. काय गं, माने ना तू? माहेर कुठलं?”

“गारगोटीकडचं.”

“अरे! मग आमच्याच गावची की! कुणाची?”

त्याच वेळी सिस्टर भोरे यांनी पलीकडच्या खाटेवरून हाक मारली. मी “ठीक आहे, सर” एवढेच म्हणाले आणि वळले.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या हृदयविभागात नुकतीच रुजू झाले होते. विभागप्रमुख इनामदार सर त्या दिवशी पुण्याला गेले होते. किणीकरांच्या हृदयाचा पंप निम्म्याहून कमी ताकदीने चालत होता, आणि अशा हृदयात ठोके चुकतात. सरांनी त्यांची औषधे विचारपूर्वक लिहून दिली होती. उशीखालचे पाकीट मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टर असलेल्या रुग्णाच्या उशीखाली कोणी हात घालत नाही. आमच्या व्यवसायाची ती रीतच आहे. वडीलधाऱ्या डॉक्टरने खाटेवर पडूनही स्वतःचे औषध स्वतः ठरवावे आणि आम्ही धाकट्यांनी “सर, सर” करीत मान हलवावी.

त्या गोळीचे नाव मी येथे देत नाही. धडधाकट हृदयाच्या माणसाला ती आजही उपयोगी पडते, आणि तिच्याविषयी कोणाच्या मनात उगाच भीती भरावी असे मला वाटत नाही. परंतु ज्याच्या हृदयाला झटक्याचा व्रण पडला आहे, ज्याचा पंप दुबळा झाला आहे, अशा माणसाला ती दिली तर ती दोन कामे करते. पहिले काम दिसते: चुकणारे ठोके थांबतात, कार्डिओग्राम स्वच्छ येतो, रुग्ण खूश होतो, डॉक्टर खूश होतो. दुसरे काम एखाद्या दिवशी एका क्षणात होते, आणि तोपर्यंत त्याची चाहूलही लागत नाही. मोठ्या पाहणीत हे स्पष्ट दिसून आले होते. गोळी घेणाऱ्यांचे जादा ठोके कमी झाले होते, आणि माणसेही.

माझे वडील, दिनकर पोवार, एसटीत ड्रायव्हर होते. पहिल्या झटक्यानंतर त्यांच्या हातून स्टिअरिंग गेले आणि त्यांना स्थानकाच्या खिडकीत घोषणा करायला बसवले. त्यांचा आवाज खणखणीत होता. हळूहळू त्यांना ते काम आवडूही लागले. परंतु ठोके चुकत. “छातीत मासोळी उसळतीया,” असे ते म्हणत. किणीकर डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली. महिन्याभरात मासोळी गेली. डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटे ठेवून आमच्यासमोर “बसले!” असे म्हटले, तेव्हा आईने त्यांच्या पायांवर डोके ठेवले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कॉलेजातून घरी जाण्यासाठी त्याच स्थानकावर उभी होते. मैत्रिणींना नेहमीप्रमाणे वडिलांचा आवाज ऐकवत होते. “मुरगूडमार्गे निपाणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक…” येथवर घोषणा आली. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. माईक चालूच राहिला होता. सगळ्या स्थानकाने, आणि मी, बराच वेळ फक्त पंख्याची घरघर ऐकली.

एवढेच असते तर कदाचित मी किणीकरांना क्षमा केली असती. चुका होतात. माझ्याही होतात.

वडिलांना घरी आणल्यावर डॉक्टर आले. अंगण माणसांनी भरले होते. त्यांनी सगळ्यांसमोर आईला विचारले, “वहिनी, खरं सांगा. काल जेवायला काय दिलं होतं?”

आई खोटे बोलत नाही. “तोंडाला चव न्हाई म्हणाले,” ती म्हणाली, “म्हणून बोटभर खर्डा दिला भाकरीसंगं.”

डॉक्टरांनी डोळे मिटून मान हलवली. “तेच. मी ठोके बसवले होते, वहिनी. मीठ बंद म्हणून बजावून सांगितलं होतं. आता देव तरी काय करणार?”

वत्सलाआत्याने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने, तिथेच हंबरडा फोडला: “खर्ड्यानं मारलंस गं माझ्या भावाला!”

त्या दिवसापासून आईचा हात विटाळला. भावकीत कार्य निघाले की तिला भाजी चिरायला बोलवीत. फोडणीला कोणी बसू देत नसे. ताटात कोणी खर्डा मागितला की आत्या आईकडे बघत आणि म्हणत, “नको बाई, आमास्नी जगायचं हाय.” बायका हसत. आईही कधी कधी हसे.

पुढे मी डॉक्टर झाले, त्या गोळीचे प्रकरण वाचले आणि त्याच आठवड्यात घरी जाऊन आईला सगळे सांगितले. वडील गेले त्याच्या आधीच हे पुस्तकांत छापून आले होते, बोटभर खर्ड्याने माणूस असा क्षणात पडत नाही, हेही सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“पुस्तकात काय बी असंल,” ती म्हणाली. “डॉक्टर गावासमोर बोलले. तू माझ्यासमोर बोलतीयास.”

आणि आता तेच डॉक्टर किणीकर माझ्या विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर होते. त्यांच्या उशीखाली तेच पाकीट होते आणि हृदय अगदी माझ्या वडिलांच्यासारखे दुबळे होते. मला काहीही करायचे नव्हते. कोणतीही सुई टोचायची नव्हती, केसपेपरवरची कोणतीही नोंद बदलायची नव्हती. फक्त गप्प बसायचे होते. ज्या रीतीने ते आयुष्यभर मोठे झाले, ती रीतच उरलेले काम करणार होती.

मी मागच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. खाली स्वयंपाकघरातून रुग्णांच्या अळणी आमटीचा वास येत होता. त्या घडीला मला जे वाटत होते त्याला दुःख म्हणता येणार नाही. फार दिवसांनी भूक लागावी तसे ते होते.

चहाची वेळ झाली तेव्हा मी परत गेले. लोक पुढे मला म्हणाले की तुमच्यातली डॉक्टर जागी झाली म्हणून तुम्ही परत गेलात. तसे नाही. मी बघायला गेले होते.

खाटेजवळ एक माणूस उभा होता. धोतर, पांढरी टोपी, हातात नारळ आणि केळ्यांची पिशवी. भेटीची वेळ असल्यामुळे सिस्टरने त्याला सोडले असावे.

“ये, ये, माने,” किणीकर म्हणाले. चहाचा कप त्यांच्या पुढ्यात होता. पाकीट शेजारी उघडेच पडले होते. “हे यशवंतराव डोंगळे. शेणगावचे. मी निवृत्त झालो तरी मला सोडत नाहीत.”

“सोडतोय कसला!” डोंगळे माझ्याकडे बघून म्हणाले. “देवमाणूस हाय ह्यो. आमच्या मंडळीला गेल्या साली अॅटॅक आला. तवापास्नं जिना चढली की भात्यागत धापतीया. त्यात आणि छातीत धडधड. साहेबांनी गोळी दिली, धडधड गप झाली बघा.”

“कोणती गोळी?” मी विचारले.

“हीच की.” त्यांनी खाटेवरच्या पाकिटाकडे बोट दाखवले. “संपत आली, म्हणून तर आलोय. म्हटलं, साहेबांस्नी भेटणं बी हुईल आणि चालू ठिऊ का तेबी इचारावं.”

“चालू ठेवायची,” किणीकर म्हणाले. “पण यशवंतराव, पथ्य! पथ्य नसेल तर माझ्या गोळीला दोष देऊ नका. आमच्या गावात एक पोवार ड्रायव्हर होता, सांगितलंय ना मी तुम्हाला?”

“खर्ड्याचा न्हवं का? सांगितलंय की. आमच्या आळीत पोरास्नी बी ठावं हाय.”

“असे बसवले होते मी त्याचे ठोके. घड्याळ लावून घ्यावं! पण बायको कशी? नवऱ्यानं जीभ बाहेर काढली की हिनं खर्डा पुढं केला. मारला. मीठ म्हणजे…”

“सर,” मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नसावा. तरी नलिनीबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिले.

“यशवंतराव, तुमच्या मंडळींना आज ती गोळी देऊ नका. घरी फोन करून आत्ताच सांगा. उद्या सकाळी त्यांना इथे घेऊन या. आम्ही तपासून दुसरं औषध देऊ.”

डोंगळे एकदा माझ्याकडे, एकदा किणीकरांकडे बघू लागले. “पर साहेब तर म्हणत्यात…”

“माने,” किणीकर हसत म्हणाले, पण आवाजात धार आली होती, “पेशंटसमोर असं बोलायचं नसतं. शिकवलं नाही का तुम्हाला?”

“तुम्ही गावासमोर बोललात, सर.”

“कशाबद्दल बोलतेस तू?”

“झटका येऊन गेलेल्या, पंप दुबळा झालेल्या माणसाला ही गोळी देत नाहीत. ती ठोके बसवते आणि मग अचानक हृदय थांबवते. तुम्ही शिकलात तेव्हा हे माहीत नव्हतं. तुम्ही दिनकर पोवारांना दिलीत तेव्हा माहीत झालं होतं.”

“कोण म्हणतं?” ते उसळले. “त्याचा कार्डिओग्राम मी स्वतः काढला होता. एक जादा ठोका नव्हता त्यात!”

“नव्हता. मीही पाहिला होता. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत आणि बाबा माझ्याकडे बघून हसले.”

किणीकरांचा हात चादरीवरून पुढे सरकला आणि पाकिटावर येऊन थांबला. मग हळूच मागे गेला.

“दिनकरची तू,” ते म्हणाले. “कॉलेजात जायचीस. दोन वेण्या.”

“हो.”

“आज सकाळीही तूच रक्त घेतलंस माझं तपासायला. बोलली नाहीस.”

“आज सकाळी तुम्ही पाकीट दाखवलं नव्हतं.”

त्यांना अर्थ कळला. डॉक्टर होते, कळणारच. दुपारी मी “ठीक आहे, सर” म्हणून का निघून गेले, हे त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उतरताना मी पाहिले. ते मला हवे होते. मी ते शेवटपर्यंत पाहिले.

डोंगळे फोन कानाला लावून दाराशी गेले होते. “रखमा, ती गोळी ठिऊन दे… न्हाई, आज नगं… अगं, डॉक्टरच म्हणत्यात… न्हाई, दुसऱ्या डॉक्टर…” बोलता बोलता ते व्हरांड्यात निघून गेले. नारळ आणि केळी टेबलावरच राहिली.

“किती जणांना दिली असेल मी,” किणीकर म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मला विचारलेला नव्हता. “पाटलांची सून. तो मोरस्कर मास्तर… मास्तर झोपेत गेला. मी म्हणालो, पुण्यवान माणूस, झोपेत गेला.”

नलिनीबाईंनी सुरी खाली ठेवली. “बाई,” त्या मला म्हणाल्या, “तुमचं खरं असेल. असेलच. पण हे आत्ताच बोलायला हवं होतं का? त्यांची अवस्था बघा. गोळी काढून घेतली असतीत तरी चाललं असतं.”

ते खरे होते. गोळी काढून घेता आली असती. “नवीन नियमात बसत नाही, सर” असे म्हणून पाकीट खिशात टाकता आले असते, आणि त्यांनी कुरकुरत ते ऐकलेही असते. त्यांचा जीव वाचवायला माझ्या वडिलांचे नाव घेण्याची गरज नव्हती. मला हे तेव्हाही ठाऊक होते.

“मी लिहून देतो,” किणीकर म्हणाले. “कागद दे. तुझ्या आईला माझ्या हातचं लिहून देतो, सहीनिशी.”

“कागद नको. कागदात काय बी असतं, असं म्हणेल ती.”

“मग घरी येतो. बरा झालो की पहिला तुमच्या घरी…”

“बोला. आत्ता. फोन लावून देते.”

“आत्ता? धाप लागलीय मला, पोरी.”

मी त्यांचे मनगट हातात घेतले. मागच्या यंत्रावर रेघ धावत होती, ठोके चुकत होते. पण जे ठोके पडत होते ते पुरेसे होते. “लागलीय,” मी म्हणाले. “पण बोलता येईल. रक्तदाब चांगला आहे.”

“अहो, नको,” नलिनीबाई म्हणाल्या. मी घरचा नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

“काय गं शालन? या वेळेला?” आईचा आवाज आला. मागे बायकांचे बोलणे ऐकू येत होते. आत्याच्या नातीचा साखरपुडा जवळ आला होता. आमच्या पडवीत पापड लाटायला भावकी जमली होती. पीठ आत्याने मळले असणार, हे मला सांगायला नको होते.

“आई, डॉक्टर किणीकरांना तुझ्याशी बोलायचं आहे.”

आई घाईघाईने म्हणाली, “डॉक्टर? नमस्कार करते. बरं हाय न्हवं? शालन म्हणाली तुमास्नी तिथंच ठेवलंय म्हणून. काळजी घ्या हं.”

तिच्या त्या ‘काळजी घ्या’ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षे कमरेत वाकून ज्या आवाजात ती या माणसाशी बोलत आली होती, तोच हा आवाज होता.

“वहिनी,” किणीकर म्हणाले, “दिनकरच्या बाबतीत…” त्यांनी श्वास घेतला. “दिनकर खर्ड्यानं गेला नाही. तुमची काही चूक नव्हती. माझ्या गोळीनं गेला. ती त्याला द्यायला नको होती. मी… मला ते कळायला हवं होतं.”

फोन बंद पडला की काय म्हणून मी पडदा पाहिला. मग आई बोलली, पण तो आवाज मी ओळखत नव्हते.

“थांबा, डॉक्टर. पुढं बोलू नका.” लाटणे खाली ठेवल्याचा आवाज आला. “वन्सं! ओ वन्सं! लाटणं ठेवा, हिकडं या. न्हाई, हात धुवू नका, तशाच या. शांताक्का, तुमी बी. सगळ्याजणी या. किणीकर डॉक्टर बोलत्यात.”

पावले वाजली, बांगड्या वाजल्या. कोणीतरी “कोण मेलं काय?” असे विचारले आणि कोणीतरी तिला गप्प केले.

“हं, बोला आता,” आई म्हणाली. “पहिल्यापास्नं.”

किणीकरांनी पहिल्यापासून सांगितले. या वेळी त्यांना दोनदा थांबावे लागले. कपाळावर घाम आला होता. ‘माझ्या गोळीनं’ म्हणताना त्यांनी डोळे उघडे ठेवले, एवढे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

“काय म्हणतोय त्यो?” वत्सलाआत्याचा आवाज आला. “मला न्हाई कळलं. कशाच्या गोळीनं?”

“कळलं न्हाई, वन्सं?” आई म्हणाली. ती फार हळू, फार नीट बोलत होती. “डॉक्टर, आमच्या वन्संना कमी ऐकू येतंय. तवा अंगणात तुमी लई मोठ्यानं बोलला होता. त्यास्नी सगळं ऐकू आलं होतं. तसं बोला.”

नलिनीबाईंनी फोनकडे हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. किणीकरांनी माझ्याकडे पाहिले. रुग्ण डॉक्टरकडे पाहतो तसे; पुरे, असे मी म्हणावे म्हणून.

मी त्यांचा ऑक्सिजन थोडा वाढवला, आणि फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.